शेपटीचे दोन मणके: टायटॅनोसॉरस इंडिकसची गोष्ट

येऊरचा_वाटसरू (धागाकर्ता)

ज्याच्या नावावरून जगभरातल्या महाकाय शाकाहारी डायनासोरांचं आख्खं घराणं ओळखलं जातं, त्या प्राण्याची स्वतःची स्थावर-जंगम मालमत्ता म्हणजे शेपटीचे दोन मणके. बस्स.

सुट्टीत घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये माना हलवणारे, डरकाळ्या फोडणारे डायनासोर मांडले होते. त्यातल्या एकाखाली पाटी होती, 'टायटॅनोसॉरस, भारत'. हिरवागार, लांब मानेचा, पायांना नखं वगैरे सगळं साग्रसंगीत. पोरं खूश होती, तक्रार नाही. पण या प्राण्याचं डोकं, मान किंवा पाऊल 'हे त्याचंच' असं छातीठोकपणे आजवर कुणी दाखवलेलं नाही. मग इतक्या थोडक्या हाडांवर हे नाव उभं कसं राहिलं आणि पुढे त्याचं काय झालं, ते सांगायला हा धागा.

१८२८ साल. जबलपूरच्या छावणीत कॅप्टन विल्यम स्लीमन नावाचा अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा तो हाच. कटनीजवळचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. गड्याला दगडाधोंड्यांचा नाद होता. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर त्याला अश्मीभूत हाडं मिळाली. ती त्याने डॉ. स्पिल्सबरीला दिली आणि तिथून ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली. ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. एका हाडामागे त्या काळातली किती माणसं सापडतात बघा! आशियात मिळालेली ही डायनासोरची पहिली हाडं. पण ती डायनासोरची आहेत हे तेव्हा कुणी म्हणणं शक्यच नव्हतं, कारण रिचर्ड ओवेनने डायनासोर हा गट मांडला तोच १८४२ मध्ये.

पुढे ह्यू फाल्कनरने त्यांचं वर्णन केलं. नाव मात्र १८७७ मध्ये मिळालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड लायडेकरने टायटॅनोसॉरस इंडिकस असं बारसं केलं. त्याच परिसरात मिळालेलं मांडीचं एक हाडही त्याने याच खात्यावर जमा केलं, पण नावाचा खरा आधार ते दोन मणकेच.

लायडेकरची नजर पडली ती मणक्यांच्या टोकांवर. पुढच्या बाजूला खळगा आणि मागच्या बाजूला फुगीर गोळा. म्हणजे एका मणक्याचा गोळा त्याच्या मागच्या मणक्याच्या खळग्यात बसणार. मोठ्या डायनासोरांच्या शेपटीत अशी रचना तेव्हा कुणी पाहिली नव्हती. तेव्हा नवा प्राणी, नवं नाव. १८७७ च्या माहितीवर हे अगदी रास्त होतं.

घोळ पुढे झाला. खळगा-गोळ्याचा मणका जिथे दिसेल तिथे लोक टायटॅनोसॉरसची पाटी लावू लागले. अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस. होता होता या एका नावाखाली १४ जाती जमा झाल्या आणि त्यांचा काळ सहा कोटी वर्षांवर पसरला. एकाच प्रजातीचा प्राणी एवढा काळ टिकून एवढं जग फिरतो म्हटल्यावर खरं तर तेव्हाच कुणाच्या तरी भुवया उंचवायला हव्या होत्या.

शेवटी २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या जीवाश्म-अभ्यासकांनी सगळा हिशेब तपासला. खळगा-गोळा ही टायटॅनोसॉरसची खासियत नसून त्याच्या मोठ्या गोतावळ्यात सर्रास आढळणारी गोष्ट आहे, असं त्यांनी दाखवलं. ती खूण गेली की त्या दोन मणक्यांत त्यांचं असं काहीच उरत नाही. म्हणून टायटॅनोसॉरस इंडिकस हे संदिग्ध नाव ठरलं. त्यावर बेतलेलं 'टायटॅनोसॉरिडी' हे कुळाचं नावही सोडून द्यावं, असं त्यांनी सुचवलं. 'टायटॅनोसॉरिया' हे गटाचं नाव मात्र चालू राहिलं. मूळ पुरुष कागदोपत्री बाद, घराणं जोरात!

इथे बहुतेक बातम्या गल्लत करतात म्हणून ठासून सांगतो. संदिग्ध म्हणजे खोटा नव्हे. हाडं खरी आहेत, डायनासोरचीच आहेत, टायटॅनोसॉर गटातलीच आहेत. फक्त त्या हाडांवरून हा प्राणी त्याच्या भाऊबंदांतून वेगळा काढता येत नाही.

आणि या सगळ्या वादात मणकेच जागेवर नव्हते. कोलकात्यात ते कुठेतरी गहाळ झाले होते आणि अभ्यासक जुन्या चित्रांवर आणि साच्यांवर काम भागवत होते. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांना त्यातला एक मणका सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातच मिळाला. विल्सन यांच्यासह त्यांनी त्यावर 'करंट सायन्स'मध्ये लिहिलंही. म्हणजे भारताचा पहिला डायनासोर दोनदा शोधावा लागला, एकदा टेकडीवर आणि एकदा सरकारी कपाटात.

---

खारकर_आळी

वाचनखूण साठवली. शेवटच्या वाक्याला दंडवत.

---

नौपाडा_नाना

लेख छान, पण मला हे शितावरून भाताची परीक्षा करणंच पटत नाही. दोन मणक्यांवरून प्राणी केवढा, काय खात होता, हे कसं काय सांगतात बुवा? उद्या माझं करंगळीचं हाड मिळालं तर नाना चहाला दोन चमचे साखर घेत होते असं सांगतील हे लोक.

---

गाळ_आणि_थर

नाना, साखरेचं नाही, पण करंगळीवरून तुम्ही माणूस होतात एवढं नक्की सांगतील. 'नौपाड्यातले नाना' असं मात्र सांगता येणार नाही. टायटॅनोसॉरसचं दुखणं हेच आहे.

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं हाडाबद्दल. शेपटीच्या मणक्याकडे बघताना आम्ही आधी बघतो तो मधला दंडगोलासारखा भाग, ज्याच्या टोकांबद्दल वर लिहिलंय. मग त्याच्यावरची कमान, जिच्यातून मज्जारज्जू जातो. टायटॅनोसॉरांत ही कमान दंडगोलाच्या मधोमध नसते, पुढच्या कडेकडे सरकलेली असते. मग बाजूचे आणि वरचे फाटे. फाटे तुटलेले असले तरी ते कुठून निघत होते ते कळतं. एवढ्यावर 'हा लांब मानेचा शाकाहारी, आणि त्यातला टायटॅनोसॉर' हे बिनधास्त सांगता येतं. शाकाहारी हे मणक्यावर लिहिलेलं नसतं. पण या गटातल्या ज्यांच्या कवट्या मिळाल्या आहेत त्यांचे दात पाला ओरबाडायचे आहेत, त्यामुळे इथे शंकेला जागा नाही.

लांबीचं मात्र सांभाळून घ्यायचं. एकाच शेपटीत बुडाचे मणके जाडजूड असतात आणि टोकाकडचे बारीक. कितवा मणका हेच नेमकं कळलं नाही तर गुणाकार कशाने करणार?

---

खारघर_सेक्टर३५

माझा अगदी बाळबोध प्रश्न. पावसाळ्यात आम्ही पांडवकड्याच्या बाजूला जातो तेव्हा डोंगरात गोल गोल दगड दिसतात, कातळात रुतून बसलेले. मुलगी ठामपणे म्हणते की ही डायनासोरची अंडी. एक घरी आणून शोकेसमध्ये ठेवलाय. काय सांगू तिला?

---

उलवेकर

+१. आमच्याकडे विमानतळासाठी आख्खा डोंगर सुरुंग लावून सपाट केला. त्यात काही मिळालं असेल का? आणि आता ठाणे-बोरिवली बोगदा होतोय, त्यात?

---

गाळ_आणि_थर

दोघांना एकदमच उत्तर देतो.

खारघर, येऊर, पारसिक, उलवे, सगळा काळा कातळ म्हणजे दख्खनचा थिजलेला लाव्हा, बेसॉल्ट. बेसॉल्टला थंड होताना भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी मुरतं आणि ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात. एकेक पापुद्रा सुटत जातो आणि आत टणक गोळा उरतो. तुमच्या शोकेसमध्ये तो आहे. फेकू नका, तोही साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा ऐवज आहे.

डायनासोरचं अंडं ओळखायचं ते कवचावरून. टायटॅनोसॉरच्या अंड्याचं कवच दोन-तीन मिलिमीटर जाड असतं, वरून बारीक फोड आल्यासारखं खडबडीत, आणि भिंगातून पाहिलं तर त्यात श्वासाची छिद्रं दिसतात. तुमचा दगड फोडला (नका फोडू) तर आतबाहेर एकच माल निघेल. लिंबू पिळायचा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. लिंबाने फसफसलं म्हणून अंडं ठरत नाही. आपल्या खदाणींतल्या दगडांच्या पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचं खनिज असतं, तेही फसफसतं.

खरी अंडी बघायची तर धार जिल्हा. २०२३ मध्ये तिथल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची अंडी, टायटॅनोसॉरांची. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक शेतात मिळालेले असे गोळे काकर भैरव म्हणून पुजत होते. ती डायनासोरची अंडी निघाली. तुमची मुलगी कल्पनेच्या बाबतीत एकटी नाही, एवढंच.

आता उलवेकर. डायनासोरची हाडं मिळतात ती मुख्यतः लामेटा नावाच्या थरात. नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून त्याला हे नाव पडलं. भेडाघाटला गेला असाल तर त्याच्या जवळूनच गेला आहात. हा गाळाचा थर लाव्ह्याच्या खाली आहे. जिथे लाव्हा पातळ होत संपतो तिथे तो उघडा पडतो. जबलपूर, नागपूर, चंद्रपूर, गुजरात. आपण पश्चिमेला, लाव्ह्याच्या जाड बाजूला. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र पाडलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हताच. तेव्हा बोगद्यात शेपूट वगैरे निघायची आशा ठेवू नका. बोगदा वेळेत निघाला तरी पुष्कळ.

---

चष्मिष्ट

पण मुंबईत जीवाश्म मिळालेत असं शाळेत शिकल्याचं आठवतंय. बेडूक ना?

---

येऊरचा_वाटसरू

बरोबर. वरळीचे बेडूक. लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधल्या काळात तळी साचली, त्या गाळातले. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं ते वर आलेल्या रिचर्ड ओवेननेच. कासवाचेही अवशेष मिळाले होते. पण मुंबई-ठाण्याचे हे खडक दख्खनच्या लाव्ह्यातले बरेच उशिराचे, डायनासोर आटोपल्यानंतरचे. म्हणजे आपल्या वाट्याला आले ते वाचलेले लोक, बेडूक आणि कासवं.

---

वरोऱ्याची_ऐरोलीकर

मी मूळची वरोऱ्याची, लग्नानंतर ऐरोलीत. इथे सगळे जबलपूर-जबलपूर करताहेत म्हणून राहवलं नाही. आमच्या वरोऱ्याजवळचं पिसदुरा विसरले का जी सगळे?

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते आणि त्यांना दगडांचा भारी नाद. पिसदुऱ्याची हाडं त्यांनी १८६० च्या सुमारास जगासमोर आणली. लायडेकरने १८७९ मध्ये त्यावरून टायटॅनोसॉरसची दुसरी जात काढली, ब्लॅनफोर्डी. तीसुद्धा शेपटीच्या दोन मणक्यांवरच! आणि पुढे लक्षात आलं की ते दोन मणके एकमेकांचेही नाहीत, वेगवेगळ्या प्राण्यांचे आहेत. टायटॅनोसॉरस इंडिकसचं नशीब त्यामानाने बरं म्हणायचं.

पण पिसदुऱ्याची खरी श्रीमंती हाडांत नाही, शेणात आहे. हसू नका. तिथल्या लाल मातीच्या शिवारात विष्ठेचे दगड झालेले पडलेले असतात. पाऊस पडून गेला, माती धुपली की वर येतात. तपकिरी-राखाडी, लांबट, एका बाजूला निमुळते, काहींवर आडव्या वळ्या. हातात घेतलं तर आकाराच्या मानाने जड लागतात. माहीत नसलं की माणूस ठोकरून पुढे जातो.

२००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी 'सायन्स'मध्ये यावर लिहिलं. या दगडांत त्यांना गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले, आणि तेही पाचेक वेगवेगळ्या गवतांचे. तोपर्यंत पुस्तकं सांगत होती की डायनासोर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतंच. पुढे २०११ मध्ये याच ठिकाणच्या नमुन्यांत भाताच्या जवळच्या कुळातलं गवतही ओळखलं गेलं. तर नानांनी शितावरून भाताचं म्हटलं ना, इथे भात निघाला खरा, पण शेणातून.

---

नौपाडा_नाना

ताई, हरलो. उद्या जेवताना हे आठवू नये म्हणजे मिळवलं.

---

चष्मिष्ट

हे शेण टायटॅनोसॉरचंच कशावरून? नावाची चिठ्ठी तर नसणार.

---

वरोऱ्याची_ऐरोलीकर

चिठ्ठी नाही, आणि ती शंका अभ्यासकांनीही काढलेली आहे. त्याच थरात टायटॅनोसॉरांची हाडं आहेत आणि आत झाडपाला आहे, यावरून अंदाज बांधला जातो. आत गवताबरोबर ताडासारखी झाडं, सूचिपर्णी असंही बरंच निघालं. म्हणजे जो कुणी होता तो समोर येईल ते चरणारा होता. कुठल्या जातीचा, हे मात्र त्या दगडावरून कळत नाही.

---

गाळ_आणि_थर

ताईंना जोडून. त्याच पट्ट्यात डोंगरगाव आहे, तेही चंद्रपूर जिल्ह्यातच. १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन यांच्या चमूने तिथून टायटॅनोसॉरचा मोठा भाग काढला. मान, पाठ, शेपटीचे मणके, कंबर, खांदा, पुढचा पाय. कवटी आणि मागचे पाय नाहीत, पण भारतातल्या या गटाच्या मानाने ही चैनच. १९९७ मध्ये जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं. २००३ च्या झाडाझडतीत विल्सन-अपचर्च यांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं, इसिसॉरस, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेच्या नावाचा डायनासोर जगात बहुधा हा एकच!

मॉलवाल्यांना खरा भारतीय टायटॅनोसॉर उभा करायचा असेल तर हा करावा. ठाण्यात बसून महाराष्ट्राचा प्राणी दाखवल्यासारखंही होईल.

---

नौपाडा_नाना

आता खरा मुद्दा. भारतातलं पहिलं नाव, दीडशे वर्षं पुस्तकांत आहे, आणि दोन परदेशी माणसं येऊन म्हणतात संदिग्ध! आपण मान डोलवायची? मणका परत सापडला ना आता? मग नावही परत घ्या.

---

येऊरचा_वाटसरू

नाना, नाव दिलं तेही परदेशी माणसानेच की! आणि हाड ज्याला मिळालं तो ठग पकडणारा साहेब. शिवाय मणका परत शोधला तो आपल्याच लोकांनी, आणि त्यावरच्या लेखात विल्सन सहलेखक आहेत. इथे देशी-परदेशी काढण्यात अर्थ नाही.

मणका मिळाल्याने फायदा हा की आता चित्रावर विसंबावं लागत नाही, मापं पुन्हा घेता येतात. पण त्याने हाडात नव्या खुणा उगवत नाहीत. घोटाळा माहिती कमी पडल्याचा नाहीच. जग पुढे गेलं आणि ती खूण सगळ्यांची निघाली.

माझं विचाराल तर त्या नावाला दोन मणक्यांपुरतंच ठेवलेलं बरं. ते पुसलं गेलेलं नाही. फक्त त्या खात्यात नवं काही जमा करायचं नाही.

---

फुकटचा_वकील

नानांच्या बाजूने एक कायदेशीर मुद्दा. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय आयोग आहे आणि तिथे अर्ज करता येतो. इग्वानोडॉन घ्या. इंग्लंडमधल्या दातांवरून १८२५ मध्ये नाव दिलं, दात निरुपयोगी ठरले, तर आयोगाने २००० मध्ये बेल्जियमच्या चांगल्या सांगाड्यांच्या जातीवर ते नाव बसवलं. स्टेगोसॉरसचंही २०१३ मध्ये तसंच केलं. दर वेळी जमतंच असं नाही, डिप्लोडोकसचा अर्ज २०१८ मध्ये फेटाळला. पण वाट आहे.

---

नौपाडा_नाना

हे बेस्ट झालं! वकीलसाहेब, करा अर्ज. सही पहिली माझी.

---

खारकर_आळी

अवांतर: तमिळनाडूचा तो ब्रुहथकायोसॉरस? जगातला सगळ्यात मोठा म्हणतात तो? त्याचा पण अर्ज करून टाका एका खर्चात.

---

गाळ_आणि_थर

त्याची अडचण आणखी वेगळी. १९८० च्या दशकात वर्णन झालं, आधी तो मांसाहारी गटात टाकला होता, मग इतरांनी तो टायटॅनोसॉर असावा असं म्हटलं. नडगीचं हाडच दोन मीटर सांगितलं होतं. पण हाडं इतकी ठिसूळ की त्यांचा भुगा झाला. २०२२ मध्ये त्यांचे जुने फोटो प्रसिद्ध झाले. त्यावरून वजनाचे आकडे शंभर टनांच्या वर काढलेत लोकांनी. मी ते आकडे वर्गात सांगत नाही. ज्या हाडाला पुन्हा फूटपट्टी लावता येत नाही त्याच्यावर विक्रम कसला नोंदवायचा?

---

येऊरचा_वाटसरू

वकीलसाहेब, अर्ज करायला हरकत नाही, पण त्यात सांगाडा कुठला लिहाल? बडा सिमला टेकडीवरूनच आणखी एक टायटॅनोसॉर मिळालेला आहे. फॉन ह्यूने आणि मॅटली या दोन अभ्यासकांनी १९३३ मध्ये वर्णन केलेला, आता त्याचं नाव जैनोसॉरस. टेकडी तीच, थर तोच, कदाचित प्राणीही तोच असेल, पण ते सिद्ध करायला दोन मणके पुरत नाहीत. टायटॅनोसॉरस हे नाव त्याला चिकटवलं तर जुनं नाव वरचढ ठरणार आणि जैन सरांच्या गौरवासाठी ठेवलेलं नाव आपण आपल्या हाताने बाजूला सारणार. एका भारतीय नावासाठी दुसरं भारतीय नाव खर्ची! आणि इसिसॉरसवर बसवायचं तर तो जबलपूरचा नाही, चंद्रपूरचा.

---

नौपाडा_नाना

मग चंद्रपूरचाच घ्या की! निदान महाराष्ट्रात राहील.

---

वरोऱ्याची_ऐरोलीकर

नाना, आता कसं बोललात!